संध्याकाळची गिनती कोण घेणार?

जुनाबूट | रविवार, रात्री ११.५०

लिहू का नको करत तीन आठवडे गेले, आज बसलोच. मोठं होईल, सांभाळून घ्या, टायपिंगची सवय नाही.

आमच्या पलटणीतला एक जण गेला. आजार नव्हता, अपघात नव्हता, एवढ्यावरून समजून घ्या. पेन्शनवर येऊन चौदा महिने झाले होते त्याला. कसा गेला हे मी सांगणार नाही आणि कृपा करून विचारू नका, कारण गेले तीन आठवडे प्रत्येक जण मला तेवढंच विचारतोय, तो माणूस कसा होता हे एकानेही विचारलेलं नाही. (कसा होता, तर नकला करायचा. सीओ साहेबांच्या, म्हणजे पलटणीच्या मुख्य अधिकाऱ्याच्या, चालण्याची नक्कल त्याच्याएवढी हुबेहूब कुणाला जमली नाही. एकदा साहेब मागेच येऊन उभे राहिले, सगळ्यांची पाचावर धारण, याने मात्र नक्कल पूर्ण केली आणि मगच सॅल्यूट ठोकला.)

आमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, १३७ जण. रोज सकाळी फुलांचे फोटो, गुड मॉर्निंग, देशभक्तीचे फॉरवर्ड, कुणाचा वाढदिवस असला की शंभर केक. तो गेल्यावर मी मागे मागे स्क्रोल करत गेलो तर त्याचा शेवटचा मेसेज पाच महिन्यांपूर्वीचा, तोही नुसता अंगठा. पाच महिने एक माणूस गप्प आणि उरलेल्या १३६ जणांत एकाच्याही लक्षात आलं नाही, त्यात मीही आलो. मी तर त्याचा बडी होतो, फौजेत एकमेकांना सांभाळायला लावून दिलेला जोडीदार.

जे फौजेत नव्हते त्यांच्यासाठी सांगतो. तिथे संध्याकाळी गिनती होते. सगळे फॉलइन, डोकी मोजायची. एक डोकं कमी पडलं की लगेच चौकशी सुरू, कुठाय, कुणाच्या सेक्शनचा, शेवटचं कुणी बघितलं. आम्ही जाम वैतागायचो, दिवसभर मरमर करून वर ही कटकट. नोकरी सुटली की कागद मिळतात, हार मिळतो, भाषणं होतात, पण गिनती त्या दिवशी बंद होते ती कायमची. त्यानंतर तुम्ही आठ दिवस घराबाहेर पडला नाहीत तरी कुणाचा आकडा चुकत नाही.

मला मेणबत्त्या नकोत, मोर्चा नको, डीपी काळा करायचा नाहीये. आमच्यासारख्या साध्या माणसांनी नक्की काय करायचं? ज्यांना माहितीये त्यांनी सांगा.


वाटसरू७

वाचून सुन्न झालो. काय लिहावं कळत नाहीये. धागा वर ठेवतो.


ओवी_म

दादा, मी समुपदेशक आहे आणि सैन्यातून बाहेर पडलेल्या बऱ्याच लोकांशी माझा कामानिमित्त संबंध येतो म्हणून लिहितेय. "मी तर त्याचा बडी होतो" हे वाक्य तुम्ही किती रात्री स्वतःला ऐकवलंय माहीत नाही, पण त्याच्याबद्दल नंतर वेगळं बोलू, ते तसंच ठेवून चालणार नाही.

तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर एका माणसाने पन्नासेक वर्षांपूर्वीच शोधून ठेवलंय. जेरोम मोटो नावाचे सॅन फ्रान्सिस्कोचे मानसोपचारतज्ज्ञ. स्वतः दुसऱ्या महायुद्धात सैन्यात होते आणि तिकडे एका ओळखीच्या मुलीची पत्रं यायची, कुणीतरी आपली आठवण काढतंय याने तेव्हा किती फरक पडला होता हे त्यांच्या डोक्यात राहिलं. १९६९ पासून त्यांनी असं केलं की नैराश्य किंवा आत्महत्येच्या विचारामुळे दवाखान्यात राहून गेलेले आणि पुढचे उपचार नाकारलेले असे ८४३ लोक घेतले, त्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले आणि एका गटाला पाच वर्षांत २४ छोटी पत्रं पाठवली. पत्रात काय, तर इथून जाऊन बरेच दिवस झाले, तुमचं बरं चाललं असेल अशी आशा, लिहावंसं वाटलं तर लिहा. बस. सल्ला नाही, अपॉइंटमेंट घ्या नाही, गोळ्या घेतल्या का नाही. पत्रं गेलेल्या गटात पहिल्या दोन वर्षांत आत्महत्या स्पष्टपणे कमी झाल्या.

मला यातली महत्त्वाची गोष्ट वाटते ती ही की उत्तराची सक्ती नव्हती. आपण फोन करतो आणि समोरच्याने उचलला नाही की आपल्याला राग येतो, मग आपण सोडून देतो. ते लोक मात्र पाच वर्षं पाठवत राहिले.


सरळरेघ

ओवी यांच्याशी सहमत. मी आकड्यांतला माणूस आहे त्यामुळे थोडं रुक्ष लिहितो, राग मानू नका.

या विषयावर कुठेही चर्चा निघाली की कुणीतरी "रोज २२ माजी सैनिक" हा आकडा टाकतं, मध्ये त्यावरून २२ पुशअपचं चॅलेंजही फिरलं होतं. तो आकडा अमेरिकेचा आहे, २०१२ च्या सरकारी अहवालातला, आणि तोही फक्त २१ राज्यांच्या माहितीवरून काढलेला अंदाज. शिवाय त्यातले बहुसंख्य लोक पन्नाशीच्या पुढचे होते, म्हणजे डोळ्यांसमोर जो नुकता युद्धावरून आलेला तरणा जवान येतो तो त्या आकड्याचा चेहराच नव्हता. नंतरच्या अहवालांत आकडा सतराच्या आसपास येतो. सतरा काय कमी आहेत असं नाही. पण तोच आकडा पोस्टरवर लावून फिरवत राहिलं की फौजी म्हणजे असंच होणार असं वाटायला लागतं, आणि हे वाचणाऱ्यांत एखादा फौजीही असतो.

त्यापेक्षा कधी हे विचारा, किती हे नंतर. ब्रिटनमध्ये १९९६ ते २००५ या काळात सैन्य सोडलेल्या दोन लाख तेहेतीस हजारांवर लोकांचा अभ्यास झाला, २००९ मध्ये छापून आला. एकूण सगळे धरले तर धोका सर्वसाधारण लोकांइतकाच होता, पण २४ आणि त्याखालच्या पुरुषांमध्ये दुप्पट ते तिप्पट. आणि सर्वात जास्त धोका कधी, तर बाहेर पडल्यावरच्या पहिल्या दोन वर्षांत. तुमच्या मित्राचे चौदा महिने वाचून मला तेच आठवलं.


तडकफडक

माफ करा पण मला हे सगळं जरा अतीच वाटतंय. पूर्वीचे लोक दोन दोन लढाया लढून आले, शेती केली, पोरं वाढवली, त्यांना कुठे समुपदेशक लागले? फौजी इतका कमकुवत नसतो हो. आपणच सतत डिप्रेशन डिप्रेशन करून लोकांच्या डोक्यात भरवतोय.


जुनीपानं

तडकफडक, पूर्वीच्या लोकांना लागत नव्हते हे तुम्हाला कुणी सांगितलं? त्यांनी तर नाही सांगितलं, कारण ते बोलायचेच नाहीत. चार्ल्स मायर्स नावाच्या डॉक्टरांनी "शेल शॉक" हा शब्द वैद्यकीय नियतकालिकात वापरला तो १९१५ साली, म्हणजे पहिलं महायुद्ध सुरू होऊन वर्षही झालं नव्हतं. धडधाकट दिसणारे सैनिक थरथरतायत, वाचा गेलीये, दिसेनासं झालंय, आणि अंगावर जखम नाही. कित्येकांना भेकड ठरवलं गेलं.

आणि दुसरं, हे कुणी डॉक्टरांनी वरून लादलेलं खूळ नाहीये, उलटं झालंय. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांनी १९७० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये आपापली बैठक सुरू केली, गोल बसायचं आणि तिकडे काय केलं, काय बघितलं ते बोलायचं. त्यांना डॉक्टरांच्या खोलीत जायचं नव्हतं, कारण सरकारी दवाखान्यांवर विश्वासच नव्हता. त्यांनीच चायम शटन आणि रॉबर्ट लिफ्टन या मानसोपचारतज्ज्ञांना येऊन बसा म्हणून बोलावलं, म्हणजे डॉक्टर पाहुणे आणि यजमान सैनिक. त्यातून आणि त्याच्या आजूबाजूच्या धडपडीतून १९७९ मध्ये तिकडे माजी सैनिकांसाठी गल्लीबोळातली समुपदेशन केंद्रं निघाली आणि १९८० मध्ये पीटीएसडी (भयंकर अनुभवानंतर मनावर राहणारा आघात) हे निदान मानसिक आजारांच्या अधिकृत पुस्तकात आलं. आज जो शब्द शाळकरी पोरंसुद्धा वापरतात तो असा आलाय.


जुनाबूट

तडकफडक साहेब, तुमच्यावर राग नाही. महिन्याभरापूर्वी मीही हेच बोललो असतो. बोललोही आहे, त्याच्यासमोर.


तडकफडक

ओके. मी शब्द मागे घेतो. माझे वडील फौजेत होते. रात्री झोपेत ओरडायचे, आई आम्हाला सांगायची पोट दुखतंय त्यांचं.


घरची_बाजू

सगळं वाचलं. मी अजून लिहिणार नव्हते पण पोटदुखी वाचून राहवलं नाही.

माझ्या नवऱ्याने एकवीस वर्षं नोकरी केली. त्या एकवीस वर्षांत तो घरी किती दिवस होता याचा हिशोब केला तर पाहुणाच म्हणायचा. मग एक दिवस तो कायमचा आला आणि सगळे म्हणाले वा वा आता काय सुख आहे. सुख कसलं, आमच्या घराला त्याच्याशिवाय चालायची सवय झाली होती. बँक मी बघते, पोरांच्या शाळा मी बघते, नळ गळला तर मी माणूस बोलावते. तो तिथे चाळीस जणांना हुकूम द्यायचा आणि इथे त्याला गॅस नंबर माहीत नव्हता. पहिले दोन महिने तो सकाळी साडेचारला उठून तयार होऊन बसायचा. कशासाठी, ते त्यालाही माहीत नव्हतं.

मला कळत होतं काहीतरी बिनसलंय. पिणं वाढलं. झोप तुटली. स्वतःची चांगली चांगली वस्तू पोरांना, भाच्यांना वाटायला लागला, मी म्हटलं किती उदार झालाय. आता मागे वळून बघितलं की अंगावर काटा येतो. पण सांगू कुणाला? त्याच्या मित्रांचे नंबर माझ्याकडे नव्हते. पलटणीतल्या लोकांना फोन केला तर त्याची अब्रू जाईल असं वाटायचं, आणि सासरी सांगितलं तर दोष माझा.

माझा नवरा आहे, व्यवस्थित आहे, आत्ता शेजारच्या खोलीत टीव्ही बघतोय. कारण त्याच्या एका जुन्या सहकाऱ्याने एक दिवस सरळ विचारलं. मी ऐकत होते दाराआडून. त्याने विचारलं, "जगावंसं वाटत नाही असं होतं का रे तुला?" मला वाटलं आता हा त्याच्या थोबाडीत देणार. तो रडला. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

तर जुनाबूट दादा, काय करायचं ते विचारताय ना, यादी करताना बायकांचे नंबर घ्या. सगळ्यात आधी आम्हाला कळतं आणि सगळ्यात शेवटी आम्हाला विचारतात.


ओवी_म

घरची_बाजू, यावर मी काय बोलू. धन्यवाद.

फक्त त्या सरळ विचारण्याबद्दल, कारण सगळ्यांना तीच भीती असते की विचारलं तर डोक्यात नसलेला विचार आपण घालू. तसं होत नाही. यावर झालेले अभ्यास २०१४ मध्ये एकत्र तपासले गेले, विचारल्याने विचार वाढतात असं काही सापडलं नाही, उलट थोडे कमी होत असावेत असंच दिसलं. विचारायचं कसं, तर गोल गोल नाही. "तसलं काही मनात नाही ना आणत?" असं विचारलं की त्याला नाही म्हणणंच भाग आहे, कारण उत्तर तुम्हीच देऊन टाकलंत. आत्महत्येचा विचार येतो का, असा शब्द उच्चारून विचारायचं, आणि मग गप्प बसायचं. गप्प बसणं जास्त अवघड आहे. हो म्हणाला तर भाषण नको, बायकापोरांची शपथ नको. कधीपासून, आत्ता किती तीव्र आहे, काही ठरवलंय का, हे विचारायचं, त्याला एकटं सोडायचं नाही आणि मदतीला माणूस जोडून द्यायचा.


सेफ्टीकॅच

माजी सैनिकच. सगळे मनाबद्दल बोलताय, मी सामानाबद्दल बोलतो. ज्याच्या घरात परवान्याचं शस्त्र आहे आणि ज्याची अवस्था बरी नाही, त्याच्याकडून ते काही दिवस काढून घ्या. कायद्यात बसेल अशा रीतीने, रीतसर जमा करून. आम्हा लोकांना हे सांगितलेलं आवडत नाही, मलाही आवडलं नसतं. पण तो क्षण बऱ्याचदा थोडा वेळ टिकतो, तेवढा वेळ हाताशी काही नसलं तर माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी जिवंत असतो.

इस्रायलच्या सैन्यात २००६ मध्ये एवढंच केलं, सुट्टीला घरी जाताना शस्त्र तळावर ठेवून जायचं. १८ ते २१ वयाच्या जवानांतल्या आत्महत्या चाळीस टक्क्यांनी उतरल्या, आणि उतरल्या त्या मुख्यतः आठवडी सुट्टीच्या दिवसांतल्या. आठवड्यातले बाकीचे दिवस तसेच राहिले. म्हणजे घरी सुचलं नाही म्हणून तळावर जाऊन केलं असं झालं नाही.

आम्ही हे असं म्हणतो, "तुझी गाडीची चावी मी घेतो ना तू प्यायलेला असलास की, तसंच समज." असं म्हटलं की अपमान वाटत नाही.


प्रशासक

धागा चांगला चाललाय म्हणून मध्ये येतोय, माफी. शस्त्राबाबतचा प्रतिसाद सुरक्षिततेबद्दल आहे म्हणून ठेवतोय, पण पद्धतींचं कुठलंही वर्णन येऊ देऊ नका, तसे दोन प्रतिसाद उडवलेत. वाचणाऱ्या कुणाला आत्ता बोलायची गरज असेल तर भारतात टेली मानस, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. अमेरिकेत असलेल्यांनी ९८८ लावून १ दाबायचा, ती लाइन खास माजी सैनिकांची आहे. भारतात कुणाला पोलिसांची भीती वाटत असेल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ वाचा, असा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरायचं आणि तिला शिक्षा करायची नाही, असं त्यात आहे.


अर्धवट_वर्दी

मी इथे लिहावं का माहीत नाही. कारण मी तसा माजी सैनिक पण नाही. अडीच वर्षं फक्त. ट्रेनिंगमध्ये गुडघा गेला, दोन ऑपरेशन्स, मग बोर्ड झालो, म्हणजे मेडिकल बोर्डाने अनफिट ठरवलं, मग घरी. मी कधी कुठे तैनात झालो नाही, एक गोळी टार्गेट सोडून कुठे मारली नाही. लोक विचारतात काय केलंस फौजेत तर मी सांगतो हॉस्पिटलात झोपलो. वय २३.

तुमच्या ग्रुपमध्ये १३७ जण आहेत, मी कुठल्याच ग्रुपमध्ये नाही. माझ्या बॅचचा ग्रुप मी सोडला कारण ते पोस्टिंगचे फोटो टाकतात. ज्यांनी युद्ध बघितलं त्यांना त्रास झाला तर समजू शकतो, मला कसला त्रास, माझा काय हक्क. बाकी ठीक. वाचतोय फक्त. रात्री झोप नसतेच त्यामुळे पूर्ण धागा वाचून झाला.


जुनाबूट

अर्धवट_वर्दी, तुझ्याशी थेट बोलतो.

अडीच वर्षं वर्दी घातलीस, तू आमचाच. ती चर्चा इथे संपली.

आता ओवी मॅडमनी शिकवलंय तसं विचारतो. जीव देण्याचा विचार येतो का तुझ्या मनात? इथे उत्तर द्यायचं नसेल तर मला मेसेज कर, फोन नंबर पाठवलाय. रात्रीचे दीड वाजलेत, मी जागा आहे आणि आज जागाच राहणार आहे.


ओवी_म

मीही आहे. मेसेज टाकलाय. बाकीच्यांना विनंती, पुढचे काही तास इथे सल्ल्यांचा पाऊस नको.


प्रशासक

मीही संपर्क केलाय. धागा उद्या दुपारपर्यंत बंद ठेवतोय.


जुनाबूट | दुसऱ्या दिवशी, दुपार

बोललो. पावणेतीन तास. तो आहे, त्याचा मोठा भाऊ त्याच्याबरोबर आहे. याहून जास्त सांगणार नाही, ते त्याचं त्याने ठरवायचं.


सरळरेघ

काल मुद्दाम लिहिलं नाही. आता लिहितो, कारण त्याने विचारलेल्या हक्काच्या प्रश्नाला आकड्यांत उत्तर आहे. अमेरिकेत २०१५ मध्ये एक अभ्यास आला, जवळपास ३९ लाख सैनिकांच्या नोंदी तपासून. युद्धभूमीवर पाठवलं गेलं होतं की नाही याचा आत्महत्येच्या धोक्याशी संबंध सापडला नाही. संबंध सापडला तो नोकरी सुटण्याशी, आणि त्यातही चार वर्षांच्या आत बाहेर पडलेल्यांशी. ऑस्ट्रेलियात सैनिक आणि माजी सैनिकांच्या आत्महत्यांवर रॉयल कमिशन बसलं होतं, २०२१ ते २०२४, शेवटच्या अहवालात १२२ शिफारशी आहेत. तिथेही हेच पुढे आलं की ज्यांना स्वतःच्या इच्छेविरुद्ध, वैद्यकीय कारणाने किंवा अन्य कशाने, बाहेर काढलं गेलं त्यांना धोका जास्त.

आपण सत्कार कुणाचे करतो बघा, पूर्ण नोकरी करून मेडल घेऊन येणाऱ्यांचे. आणि जो बोर्ड होऊन गुपचूप घरी येतो त्याला स्टेशनवर घ्यायलाही कुणी जात नाही.


सेफ्टीकॅच

हे वाचून मला शरम वाटतेय. आमच्या यादीत बोर्ड झालेलं एकही पोरगं नाही. आम्ही घेतलंच नाही कधी.


ओवी_म

यादी करताय म्हणून एक काम सांगते, सोपं आहे. स्वतःपुरता एक कागद करायचा, आपली अवस्था बिघडायला लागली की आधी काय होतं (झोप जाते, फोन घ्यावासा वाटत नाही, जे असेल ते), तेव्हा एकट्याने काय केलं की जरा बरं वाटतं, कुठे जाऊन बसता येईल, कुणाला फोन करायचा, डॉक्टर किंवा हेल्पलाइनचा नंबर, आणि घरातली धोक्याची वस्तू कुणाकडे ठेवायची. बार्बरा स्टॅनली आणि ग्रेगरी ब्राउन या दोघांनी हे बसवलंय. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या दवाखान्यांत आत्महत्येच्या विचारामुळे तातडीच्या विभागात आलेल्यांना असा कागद करून दिला आणि घरी गेल्यावर फोन करत राहिले, तर पुढच्या सहा महिन्यांत आत्महत्येचे प्रयत्न आणि तशा हालचाली, नेहमीचे उपचार मिळालेल्यांच्या तुलनेत ४५ टक्के कमी दिसल्या, २०१८ चा अभ्यास आहे. फौजींना हे पटकन जमतं असा माझा अनुभव आहे. त्यांना ऑर्डर लिहायची सवय असते. एकाने तर वर "प्लॅन बी" असं शीर्षक देऊन खाली तारीख आणि सही केली होती.


तडकफडक

वडिलांशी बोललो काल. ८१ वय आहे. झोपेबद्दल विचारलं. "तुझ्या आईने पोटदुखी सांगितली होती ना तुम्हाला," असं म्हणून हसले. मग बोलले तासभर. एवढंच सांगायचं होतं.


जुनाबूट | साधारण दोन महिन्यांनी

धागा वर काढतोय. काय केलं ते सांगतो, काय फसलं तेही सांगतो.

ग्रुपमधून विचारलं कोण फोन करायला तयार आहे, एकशे काही अंगठे आले आणि प्रत्यक्षात तयार झाले एकोणीस. एकोणीस तर एकोणीस. प्रत्येकाकडे सहा-सात नावं. रविवारी संध्याकाळी साडेसहा, म्हणजे गिनतीच्याच वेळेला. ग्रुपवर काही टाकायचं नाही, आवाजातच बोलायचं. दोन रविवार फोन उचलला नाही तर जवळ राहणारा कुणीतरी घरी जातो, कारण विचारत नाही, सहज आलो म्हणतो.

पहिल्या रविवारी सगळ्यांनी विचारलं "कसं काय, सगळं ठीक?" आणि सगळ्यांना उत्तर मिळालं "ऑल ओके." वीस वर्षं रोज ऑल ओके रिपोर्ट दिलाय आम्ही, झोपेतही देऊ. दुसऱ्या आठवड्यापासून प्रश्न बदलला, काल रात्री किती तास झोपलास, काल दिवसभर काय केलंस. यावर ऑल ओके म्हणता येत नाही.

एक जण भडकला. माझ्यावर नजर ठेवायला कुणी सांगितलं म्हणाला, शिव्या दिल्या, फोन ठेवला. पुढच्या रविवारी आमच्या माणसाने परत लावला, परत शिव्या. चौथ्या रविवारी आमच्या माणसाच्या घरी पाहुणे होते, पावणेसातपर्यंत फोन करायचं राहिलं, तर त्या भडकलेल्याचाच फोन आला. काय रे, आज विसरलास?

फसलेलं हे की फोन करणाऱ्यांना कोण फोन करणार याचा विचारच केला नव्हता. सहाव्या आठवड्यात आमचा एक जण, जो सगळ्यांना धीर द्यायचा, तोच बोलता बोलता कोसळला. आता प्रत्येक फोन करणारा दुसऱ्या कुणाच्या तरी यादीत आहे. मीही आहे. माझ्या नावावर सेफ्टीकॅच आहेत, बोलतात कमी, पण ओवी मॅडम म्हणतात तसं गप्प चांगले बसतात.

बायकांचे नंबर घेतले. पहिला नंबर आमच्या गेलेल्या मित्राच्या बायकोचा घेतला. ती म्हणाली, "इतके दिवस सगळे मला सांत्वन करायला फोन करायचे, आणि मग एकदम कुणीच करेना." मी दर रविवारी करतो. बऱ्याचदा ती पोरांच्या अभ्यासाबद्दलच बोलते. एकदा त्याच्या त्या नकलेचा विषय निघाला, तिला माहीतच नव्हती. मी फोनवर नक्कल कशी करणार, चालण्याची होती ती, पण सांगितली जमेल तशी. हसली.

बोर्ड झालेल्या पोरांची वेगळी यादी सुरू केली. आत्तापर्यंत नऊ.


घरची_बाजू

दादा, माझा नवरा तुमच्या एकोणीसमध्ये आहे बरं का. सहा पंचविसालाच खुर्ची ओढून बसतो.


अर्धवट_वर्दी

मी आहे. दर आठवड्याला डॉक्टरांकडे जातोय, झोपेची गोळी सुरू आहे, गुडघा तसाच आहे, बाकी चढउतार.

नऊ जणांच्या यादीतली दोन नावं मला द्या ना. ओवी मॅडमना विचारलंय, त्या म्हणाल्या दोनच, आणि जड वाटलं की लगेच सांगायचं. एकच अडचण आहे. त्यातले एक माझ्यापेक्षा बरेच सीनियर आहेत. फोनवर साहेब म्हणायचं का नाव घ्यायचं? नाव घेतलं तर रागावतील का?


जुनाबूट

साहेबच म्हण. मग तो म्हणेल अरे साहेब कसला, आता मी कोण, आणि त्यावरच दहा मिनिटं बोलेल. बोलू दे.